शिकार नव्हे, शेती
('मायक्रोब हंटर्स' या पुस्तकाच्या निमित्ताने)

पॉल डी क्रुइफ यांचे 'मायक्रोब हंटर्स' हे पुस्तक १९२६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. लोकांसाठी लिहिलेली विज्ञानाची पुस्तके सहसा दहा-पंधरा वर्षांत शिळी होतात. या पुस्तकाला मात्र जवळजवळ शंभर वर्षे वाचक मिळत आले आहेत. लेव्हेनहूकपासून एर्लिखपर्यंतच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांच्या गोष्टी त्यात आहेत. ते वाचून प्रयोगशाळेची वाट धरणारे विद्यार्थी अनेक देशांत निघाले. आल्बर्ट साबिन त्यांच्यापैकीच एक. पुढे तोंडावाटे द्यायची पोलिओ लस तयार करणारे साबिन तेव्हा दंतवैद्यक शिकत होते. या पुस्तकाने त्यांना सूक्ष्मजीवांकडे वळवले. एखाद्या पुस्तकाचे यापेक्षा मोठे यश कोणते असणार?

तरीही शिक्षकांनी हे पुस्तक, आणि त्याच्या वळणावर लिहिलेल्या असंख्य गोष्टी, वर्गात जपून वापराव्यात असे आम्हांला वाटते. त्यात काही चुका आहेत एवढेच याचे कारण नाही. नावातच जी 'शिकारी' ही कल्पना आहे, ती विषाणूंच्या बाबतीत विद्यार्थ्याची दिशाभूल करते. आमचे म्हणणे थोडक्यात असे: प्राण्यांच्या आणि माणसांच्या विषाणूंविषयी आज आपल्याला जे माहीत आहे, ते शिकारीतून कमी आणि शेतीतून अधिक मिळाले आहे. विषाणू पेरणे, वाढवणे, पाखडून स्वच्छ करणे, मोजणे आणि बियाण्यासारखे जपून ठेवणे ही ती शेती. लसींचे यश तिच्यात आहे, आणि लसींच्या इतिहासातील काही मोठ्या दुर्घटनाही तिच्यातच आहेत.

पुस्तकाचे गुण आणि उणिवा

आधी गुण सांगू. डी क्रुइफ हे स्वतः जीवाणुशास्त्रज्ञ होते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत त्यांनी काम केले होते. त्यामुळे प्रयोगशाळेतील कंटाळा, हट्ट, मत्सर आणि फसलेले प्रयोग यांची त्यांना जवळून ओळख होती. त्यांचे शास्त्रज्ञ देव्हाऱ्यातले नाहीत. पाश्चर बढाई मारतात, कॉख एकलकोंडे आहेत, रॉस आणि ग्रासी भांडतात. रॉस यांना स्वतःचे चित्रण इतके खटकले की इंग्लंडमधील आवृत्तीतून तो भाग गाळावा लागला. शास्त्रज्ञ हा माणूस असतो, हे मुलांना सांगण्यासाठी हे पुस्तक अजूनही उपयोगी आहे.

उणिवाही उघड आहेत. पात्रांच्या तोंडी घातलेले कितीतरी संवाद लेखकाच्या कल्पनेतले आहेत. आफ्रिकेतील लोकांबद्दलची त्यातील भाषा आज वर्गात वाचून दाखवण्यासारखी नाही. नायक सगळे पुरुष आहेत. परंतु या उणिवा वाचकाच्या लक्षात येतात. चौथी उणीव सहज लक्षात येत नाही, आणि आमचा रोख तिच्यावर आहे.

शिकारीच्या गोष्टीचा साचा ठरलेला असतो. जंगल, दबा धरून बसलेले श्वापद, धाडसी शिकारी, आणि शेवटी नेम. जंतू सापडला की गोष्ट संपते. जीवाणूंच्या बाबतीत हा साचा बराचसा चालून जातो. क्षयाचा जीवाणू कॉख यांनी १८८२ साली रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला आणि रक्तद्रवाच्या थरावर वाढवला. श्वापद दिसले, हाती आले. विषाणूंचे तसे नाही. ते साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत आणि कोणत्याही मांसरसात किंवा जिलेटिनवर वाढत नाहीत. लोफ्लर आणि फ्रॉश यांनी १८९८ साली गुरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाचे कारण जीवाणू अडवणाऱ्या गाळणीतून पार जाते असे दाखवले. प्राण्यांच्या विषाणूची ही पहिली ओळख. पण त्यांच्या हाती आला तो फक्त एक नितळ द्रव, जो टोचला की वासरू आजारी पडते. न दिसणाऱ्या, चंबूत न वाढणाऱ्या वस्तूची शिकार करायची कशी?

पाश्चर यांच्या प्रकरणाचे उदाहरण

पुस्तकातील पाश्चर आणि पिसाळलेल्या कुत्र्याचे प्रकरण सर्वांत प्रसिद्ध आहे. १८८५ च्या जुलै महिन्यात नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस दिली गेली आणि तो वाचला. डी क्रुइफ यांनी हे प्रकरण रंगवून सांगितले आहे, आणि ते वाचताना आजही श्वास रोखला जातो. पण शिकारीचा रंग बाजूला ठेवून पाश्चर आणि त्यांचे सहकारी रू यांनी नेमके काय केले ते पाहू.

रेबीजचा जंतू त्यांना कधीच दिसला नाही. चंबूत तो वाढेना. तेव्हा त्यांनी तो जिवंत प्राण्यात वाढवला. रोगाने मेलेल्या प्राण्याच्या मेंदूचा अंश सशाच्या मेंदूत टोचायचा. तो ससा मेला की त्याच्या मेंदूतून पुढच्या सशात. अशा कितीतरी फेऱ्या झाल्यावर रोग दिसायला लागणारा काळ कमी होत होत सुमारे सात दिवसांवर येऊन स्थिर झाला. शेतकरी निवडीने वाण तयार करतो, तसाच हा विषाणूचा एक वाण तयार झाला. मग सशाचा मज्जारज्जू दाहक पोटॅश ठेवलेल्या बाटलीत टांगून कोरड्या हवेत वाळवायचा. जितके दिवस जास्त, तितका तो सौम्य. सुमारे चौदा दिवसांनी त्याची रोग देण्याची शक्ती संपते. माइस्टरला आधी जुना मज्जारज्जू टोचला, मग दिवसागणिक अधिकाधिक ताजा.

यात शिकार कुठे आहे? पेरणी आहे, वाणाची निवड आहे, वाळवण आहे. डी क्रुइफ यांच्या गोष्टीतील सारे तपशील शेतीचे आहेत. शिकार आहे ती फक्त भाषेत. आमच्या मते पुस्तकाचा खरा दोष इथे आहे. पाश्चर यांचे कर्तृत्व ज्या कामात होते, त्याच कामावरून वाचकाची नजर पुस्तक उडवून लावते. जंतू न पाहताही त्याच्यावर ताबा मिळवता येतो, ही त्या प्रयोगातील खरी विलक्षण गोष्ट मुलांच्या लक्षातच येत नाही.

पेरणी : जिवंत पेशीचे शेत

हे पुस्तक निघाले तेव्हा विषाणूंची शेती बाल्यावस्थेत होती. त्यामुळे पुढच्या इतिहासासाठी डी क्रुइफ यांना दोष देणे अन्यायाचे होईल. दोष आहे तो १९२६ चाच साचा पुढे गिरवत राहणाऱ्या लेखकांचा. कारण १९३१ नंतर चित्र पार बदलले. त्या वर्षी अमेरिकेत ॲलिस वुडरफ आणि अर्नेस्ट गुडपास्चर यांनी कोंबड्यांच्या देवीचा विषाणू अंड्यातील वाढत्या गर्भाच्या आवरणावर वाढवून दाखवला. अंडे म्हणजे आयतेच बंदिस्त, निर्जंतुक आणि स्वस्त शेत. इन्फ्लुएन्झाच्या लशीसाठी ते आजही वापरले जाते.

पोलिओची अडचण वेगळी होती. १९३६ साली साबिन आणि ऑलिट्स्की यांनी तो विषाणू परीक्षानळीत वाढवून पाहिला. तो मानवी गर्भाच्या मज्जापेशींतच वाढला, इतर ऊतींत नाही. पोलिओ फक्त मज्जापेशींतच वाढतो, असा निष्कर्ष निघाला. मज्जापेशींपासून लस करणे धोक्याचे. त्यामुळे वाट बंद झाल्यासारखी झाली. पुढे लक्षात आले की त्यांनी वापरलेला वाण माकडांच्या मेंदूतच पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेला होता, म्हणून त्याला दुसरी जमीन मानवत नव्हती. शिकारीचे पुस्तक वाचून या क्षेत्रात आलेल्या एका मोठ्या शास्त्रज्ञाला बियाण्याच्या निवडीने चकवले, याची नोंद घेतली पाहिजे.

ही कोंडी १९४९ साली फुटली. बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात जॉन एंडर्स, थॉमस वेलर आणि फ्रेडरिक रॉबिन्स काम करत होते. वेलर यांनी कांजिण्यांच्या विषाणूसाठी मानवी गर्भाच्या त्वचेच्या आणि स्नायूंच्या ऊती घालून नळ्या तयार केल्या होत्या. काही नळ्या उरल्या. शीतकपाटात पोलिओचा लान्सिंग नावाचा वाण गोठवून ठेवलेला होता. तो या उरलेल्या नळ्यांत घातला. विषाणू वाढला. १९५४ साली तिघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. साल्क आणि साबिन यांच्या लशींना मिळालेल्या प्रसिद्धीपुढे ही तीन नावे शाळकरी पुस्तकांत क्वचितच येतात. पण ती नळी नसती तर दोन्ही लशी झाल्या नसत्या.

न दिसणारा विषाणू वाढला हे कळले कसे? त्याची युक्ती आठवीतल्या मुलालाही समजेल अशी आहे. नळीतील द्रव काही दिवसांनी काढून नवा घालायचा, असे पुन्हा पुन्हा करायचे. विषाणू वाढत नसेल, तर दर खेपेला तो विरळ होत होत नाहीसा झाला पाहिजे. इतके विरळ करूनही शेवटचा द्रव टोचल्यावर प्राणी आजारी पडला, तर विषाणू वाढला असलाच पाहिजे.

वर्गात हे विरजणाने दाखवता येते. एक चमचा दही एकोणपन्नास चमचे कोमट दुधात घालावे. दुसऱ्या दिवशी त्या दह्यातील एक चमचा नव्या दुधात, असे पाच दिवस करावे. शेजारी शाईचे एक भांडे ठेवून तीही पाण्यात त्याच प्रमाणात विरळ करत जावी. पाच दिवसांत दोन्ही ३१ कोटी २५ लाख पटींनी विरळ होतात. शाईचा मागमूस उरत नाही. दही मात्र पहिल्या दिवसाइतकेच घट्ट लागते. जे वाढते ते विरळ होत नाही. फरक एवढाच की दह्याच्या जीवाणूंना दूध पुरते. विषाणूंचे विरजण जिवंत पेशीतच लागते.

पाखडणी : दाण्याबरोबर कोंडाही येतो

विषाणू ज्या पेशीत वाढतो, त्या पेशीचा कचरा त्याच्याबरोबर येतोच. हा मुद्दा मराठी वाचकाला समजावण्यासाठी दूर जायला नको. कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने, ही धास्ती आपल्याकडे कित्येक पिढ्यांनी अनुभवली आहे. ती लस डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली कसौलीत तयार केली होती. मेंढ्यांच्या मेंदूत रेबीजचा विषाणू वाढवायचा, मेंदू वाटून त्याचा द्रव करायचा आणि फिनॉलने विषाणू मारायचा. विषाणू मरत असे, पण मेंढीच्या मेंदूतील द्रव्ये तशीच राहत. काही रुग्णांच्या शरीरात त्या द्रव्यांविरुद्ध प्रतिक्रिया उठे, ती त्यांच्या स्वतःच्या मज्जासंस्थेवर उलटे, आणि लशीमुळेच पक्षाघात होई. पेशींच्या संवर्धनात वाढवलेल्या, शुद्ध केलेल्या लशी आल्यावर ही लस मागे पडत गेली. भारतात २००५ पर्यंत ती बंद झाली. पाश्चर यांच्या प्रकरणाने भारावलेल्या विद्यार्थ्याला हा पुढचा भाग कोणी सांगत नाही. जंतू तोच, कल्पना तीच. बदलले ते शेत आणि पाखडणी. त्यानेच चौदा सुयांच्या जागी दंडातील चार-पाच सुया आल्या.

पाखडायचे कसे? पहिली पायरी साधी आहे. सेंट्रिफ्यूज यंत्रात द्रव बेताच्या वेगाने फिरवला की पेशींचे तुकडे तळाशी बसतात आणि विषाणू वरच्या द्रवात राहतात. पोलिओचा विषाणू सुमारे ३० नॅनोमीटर व्यासाचा असतो. एका मिलिमीटरच्या रेघेत असे ३३ हजार विषाणू मावतील. इतकी हलकी वस्तू खाली बसवायला गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोर लागतो. तो अतिवेगवान सेंट्रिफ्यूजने मिळतो. आणखी शुद्ध हवे असेल, तर नळीत तळाला दाट आणि वर पातळ होत जाणारे साखरेचे द्रावण भरतात. त्यावर विषाणूंचा द्रव ठेवून नळी फिरवली की प्रत्येक घटक आपापल्या वेगाने खाली सरकतो आणि विषाणूंचा वेगळा पट्टा दिसू लागतो. १९५५ साली शॅफर आणि श्वेर्ट यांनी पोलिओचा विषाणू इतका शुद्ध केला की त्याचे स्फटिक मिळाले. प्राण्यांच्या विषाणूचे ते पहिले स्फटिक.

त्याच १९५५ साली एप्रिलमध्ये पाखडणीतील ढिलाईची किंमतही कळली. साल्क यांच्या लशीत पोलिओचा विषाणू फॉर्मालिनने मारलेला असे. कटर या अमेरिकी कंपनीच्या काही साठ्यांत तो पुरता मेलेला नव्हता. पेशींच्या गाळाच्या गुठळ्यांत दडलेल्या विषाणूंपर्यंत फॉर्मालिन पोचले नव्हते. सुमारे २०० मुलांना कमीअधिक लुळेपण आले आणि १० जण दगावले. त्यानंतर मारण्याची क्रिया चालू असताना पुन्हा गाळण्याची पायरी घालण्यात आली. या दुर्घटनेत नवा जंतू नव्हता, खलनायकही नव्हता. होती ती नीट न गाळलेली एक टाकी. शिकारीच्या गोष्टीत तिला जागा मिळणार नाही. विज्ञानाच्या शिक्षणात ती मिळाली पाहिजे.

मोजणी

पीक किती आले हे मोजता आले नाही, तर शेती अंदाजानेच होते. १९५२ साली रेनाटो डुल्बेको यांनी प्राण्यांचे विषाणू मोजण्याची सोपी रीत दिली. बशीत पेशींचा एकपदरी थर वाढवायचा, त्यावर विरळ केलेला विषाणू टाकायचा आणि वर अगरचा थर द्यायचा, म्हणजे विषाणू दूर पसरणार नाहीत. प्रत्येक विषाणू आपल्या भोवतालच्या पेशी मारतो. थर रंगवला की मेलेल्या पेशींच्या जागी पांढुरके ठिपके दिसतात. समजा, लाखपट विरळ केलेल्या द्रवाच्या ०.१ मिलिलिटरने ४० ठिपके पडले. मग मूळ द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये ४० गुणिले १० गुणिले १,००,०००, म्हणजे ४ कोटी संसर्गक्षम विषाणू होते. पोलिओसाठी ही रीत बसवताना मार्गरिट फॉग्ट यांचा वाटा बरोबरीचा होता. त्यांचे नावही सहसा वगळले जाते.

या मोजणीतून एक अनपेक्षित गोष्ट कळली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेले कण आणि ठिपके यांची संख्या जुळत नाही. पोलिओच्या बाबतीत एका ठिपक्यामागे तीसपासून हजारपर्यंत कण असू शकतात. म्हणजे बहुतेक कणांचा संसर्ग तडीस जात नाही. पेरलेला प्रत्येक दाणा उगवत नाही, तसेच हे. 'एक विषाणू शिरला की रोग झालाच' ही शिकारी गोष्टींनी रुजवलेली भीती मुलांच्या मनातून काढायला हा एक आकडा पुरेसा आहे.

कणगी : बियाणे जपण्याची जबाबदारी

साठवण हा विषय कंटाळवाणा वाटतो, म्हणून लेखक तो टाळतात. पण पीतज्वराची लस पाहा. १९२७ साली पश्चिम आफ्रिकेतील असिबी नावाच्या रुग्णाच्या रक्तातून तो विषाणू मिळाला आणि ऱ्हीसस माकडांत वाढवला गेला. पुढे माक्स थाइलर आणि सहकाऱ्यांनी तो उंदराच्या आणि कोंबडीच्या गर्भपेशींत शंभराहून अधिक फेऱ्या वाढवला, तेव्हा १९३७ मध्ये १७-डी हा सौम्य वाण हाती आला. पण फेऱ्या थांबवल्या नाहीत, तर वाण बदलतच राहतो. १९४१ साली ब्राझीलमध्ये या वाणाच्या एका उपवाणापासून केलेल्या लशीने काही जणांना मेंदूज्वर झाला. त्यातून एक शिस्त जन्मली: चांगला ठरलेला वाण एकदाच मोठ्या प्रमाणात वाढवून गोठवायचा, ते मूळ बियाणे, आणि प्रत्येक नवी लस त्यापासून ठरावीक फेऱ्यांतच करायची. तंत्रज्ञांच्या भाषेतही त्याला 'सीड लॉट', म्हणजे बियाण्याचा साठा, असेच म्हणतात. शेतीचा शब्द आम्ही मुद्दाम आणलेला नाही.

१९४२ साली याच लशीत दुसरा घोटाळा झाला. विषाणू टिकावा म्हणून तिच्यात मानवी रक्तद्रव घालत. तो काविळीच्या विषाणूने दूषित निघाला आणि अमेरिकी सैन्यातील सुमारे ५० हजार जवानांना कावीळ झाली. साठवणीसाठी घातलेली वस्तूच रोग देऊन गेली.

उलट बाजूही आहे. विषाणू जपण्याच्या मुख्य रीती दोन: उणे ७० अंश सेल्सियस किंवा त्याहून खाली गोठवणे, आणि गोठवून निर्वातात वाळवणे. वारंवार वितळवले आणि गोठवले तर विषाणू झपाट्याने निकामी होतात; म्हणून एकदाच वापरायच्या लहान लहान कुप्या भरून ठेवतात. वाळवण्याच्या रीतीने देवीचा शेवट केला. १९५० च्या दशकात लेस्ली कोलिअर यांनी देवीची लस पेप्टोन घालून अशी वाळवली की ती ३७ अंशांतही कित्येक महिने टिके. बर्फाशिवाय ती वाळवंटात आणि खेड्यापाड्यांत पोचली, आणि १९७७ साली सोमालियात देवीचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण नोंदला गेला. महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीस शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची लस दिली गेली. तेव्हा कुपीतील भुकटीत द्रव मिसळून ती चार तासांत संपवायची असा नियम होता. तो अनेक शिक्षकांनी पाहिला असेल. त्यामागे हेच शास्त्र आहे: कोरडा विषाणू टिकतो, भिजलेला टिकत नाही.

जे टिकते ते धोक्याचेही असते. देवी निसर्गातून गेल्यावर १९७८ साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे एका प्रयोगशाळेतील साठ्यातून ती पुन्हा बाहेर पडली आणि जॅनेट पार्कर या वैद्यकीय छायाचित्रकार दगावल्या. नंतर देवीचे अधिकृत साठे जगात दोनच ठेवले गेले, एक अमेरिकेत आणि एक रशियात. तरी २०१४ साली अमेरिकेतील बेथेस्डा येथे एका जुन्या शीतगृहात १९५० च्या दशकातील वाळवलेल्या देवीच्या सहा कुप्या सापडल्या. त्यांतील दोन कुप्यांत विषाणू अजून जिवंत होता. शिकाऱ्याने मारलेले श्वापद पुन्हा उठत नाही. कणगीत राहिलेले बी उगवू शकते. हा फरक विद्यार्थ्याला कळला नाही, तर प्रयोगशाळांच्या सुरक्षेविषयीच्या बातम्या तो नुसत्या भीतीने किंवा नुसत्या टाळ्यांनी वाचेल.

पुण्यातील एक पीक

आपल्या दाराशी असलेले एक उदाहरण या सगळ्यात बसते. १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. तेथे के. आर. पी. सिंग यांनी १९६७ साली एडीस अल्बोपिक्टस या डासाच्या अळ्यांपासून प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणाऱ्या पेशी मिळवल्या. पुढे १९७८ मध्ये जपानी शास्त्रज्ञ इगाराशी यांनी त्यांतून सी६/३६ हा डेंग्यू आणि चिकुनगुन्याच्या विषाणूंना अधिक अनुकूल असा वाण निवडला. जगभर डेंग्यूचा विषाणू वाढवण्यासाठी त्या पेशी वापरल्या जातात. पुण्यात कोणताही जंतू 'मारला' गेला नाही. जगाला एक शेत मिळाले. म्हणूनच ही कामगिरी शिकारीच्या साच्यात बसत नाही आणि मुलांना माहीत होत नाही.

याच संस्थेने २०२० च्या मार्चमध्ये कोविडचा विषाणू वाढवला, तो 'व्हेरो' नावाच्या पेशींत. या पेशी १९६२ साली जपानमध्ये आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून मिळवलेल्या. त्या पिकातून पुढे मृत विषाणूंची भारतीय लस निघाली. या शेतीला किंमतही पडते, हे लपवू नये. पोलिओच्या लशीसाठी भारतातून ऱ्हीसस माकडे मोठ्या संख्येने परदेशी गेली. १९७८ पासून भारताने ती निर्यात बंद केली. अखंड वाढणाऱ्या पेशी आल्यामुळे माकडांवरचा भार पुष्कळ हलका झाला.

वर्गात काय करावे

'मायक्रोब हंटर्स' कपाटात बंद करा असे आम्ही म्हणत नाही. पाश्चर यांचे प्रकरण जरूर सांगावे. मात्र गोष्ट संपल्यावर मुलांना पाच प्रश्न विचारावेत. विषाणू कशात वाढवला? त्याच्याबरोबर आणखी काय आले, आणि ते कसे काढले? किती आहेत हे कसे मोजले? बियाणे कुठे आणि कसे ठेवले? हे काम रोज कोणी केले? पाश्चर यांच्या प्रकरणातील मोजणीचे उत्तर मुले अडखळत देतील, कारण तेव्हा ससा किती दिवसांत आजारी पडतो एवढेच माप होते. तिथून डुल्बेको यांच्या ठिपक्यांपर्यंत जाता येईल.

वरिष्ठ विद्यार्थ्यांना एक काम द्यावे. लशींच्या खोक्यातील माहितीपत्रके आरोग्य केंद्रातून मागून आणावीत. त्यांत विषाणूचा वाण, ज्या पेशींत तो वाढवला त्यांचे नाव, टिकवण्यासाठी घातलेली द्रव्ये आणि साठवणीचे तापमान दिलेले असते. रेबीज, गोवर आणि पोलिओ यांची तीन माहितीपत्रके शेजारी ठेवून या चार गोष्टींचा तक्ता करावा, आणि प्रत्येक नोंद तशी का आहे यावर वर्गात चर्चा घ्यावी. शिकाऱ्यांच्या पुस्तकात जे पान नाही, ते मुले स्वतः लिहितील.